पत्र तुमचं, उत्तर आमचं: पंधराव्या वर्षी फायनल, सदतिसाव्या वर्षी बारावं पदक

मागच्या अंकात एका वाचकानं विचारलेलं की सख्ख्या बहिणी एकाच टीममधून खेळल्याची उदाहरणं सांगा, तर मी दोन ओळींत आयर्लंडच्या अँजेला आणि अ‍ॅन डाउनी या जुळ्या बहिणींचं नाव लिहिलं, कमोगी नावाचा खेळ खेळायच्या म्हणून. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, म्हणून या वेळचं पान सगळं त्यावरच.

"कमोगी म्हणजे नक्की काय? यूट्यूबवर व्हिडिओ बघितला, हॉकी हाय का काय कळंना, बॉल हातात पण घेत्यात, आन स्कोअर १-१४ असा लिवलेला. ह्यो कसला स्कोअर?" (कॉलेज विद्यार्थी, मंगळवार पेठ)

भावा, हर्लिंग नावाचा आयर्लंडचा जुना खेळ आहे, वाकड्या चपट्या टोकाची लाकडी काठी आणि लहान कडक चामडी बॉल, तोच खेळ बायका खेळतात तेव्हा त्याला कमोगी म्हणतात. काठीला हर्ली म्हणतात, बॉलला स्लिटर. बॉल जमिनीवरनं मारता येतो, हवेत मारता येतो, हातात झेलता येतो, पण हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त पळायचं नाही, मग काय करतात तर बॉल काठीच्या टोकावर तोलून धरतात आणि तसंच फुल स्पीडनं पळतात, ते बघितलंस ना व्हिडिओत, तेच सगळ्यात अवघड.

गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांडीच्या खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे ३ पॉइंट, आणि दांडीच्या वरून दोन खांबांच्या मधून गेला तर १ पॉइंट. म्हणून १-१४ म्हणजे एक गोल आणि चौदा पॉइंट, एकूण १७. समजलं? आता परत बघ तो व्हिडिओ.

नावाचं पण सांगते. आयरिश भाषेत पुरुषांच्या काठीला 'कमान' म्हणतात, कारण मूळ शब्दाचा अर्थ वाकडं. बायकांसाठी जरा छोटी काठी, तिला 'कमोग', त्यावरनं कमोगी. आपल्या कमानीशी त्याचं काही नातं नाही, पण दोन्हीत वाक आहे हे मला फार आवडतं. पहिली जाहीर मॅच १७ जुलै १९०४ ला नॅव्हन या गावात झाली, म्हणजे इकडं शाहू महाराजांचं राज्य चालू होतं तेव्हा तिकडं बायका पायघोळ स्कर्ट नेसून मैदानात उतरल्या होत्या.

"ताई, माझ्या दोन मुली हॉकी खेळतात, जुळ्या न्हाईत पण दीड वर्षाचंच अंतर हाय. मोठी यंदा दहावीला. घरात सगळे म्हणायलेत की दहावी झाली की स्टिक माळ्यावर टाका, पोरीच्या जातीला खेळ शाळेपुरता. तुम्ही त्या डाउनी बहिणींबद्दल लिवलं, त्या किती वर्षं खेळल्या आणि त्यांचं करिअर कसं होतं ते जरा सविस्तर सांगा, मला घरात वाचून दाखवायचं हाय." (एक आई, कसबा बावडा)

वहिनी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सविस्तरच सांगते, आणि खरंच वाचून दाखवा.

अँजेला आणि अ‍ॅन १९५७ च्या, किलकेनी जिल्ह्यातल्या बॅलीरॅगेट गावच्या. वडील शेम डाउनी स्वतः हर्लिंगवाले, १९४७ साली किलकेनीनं कॉर्क जिल्ह्याला एका पॉइंटनं हरवून ऑल-आयर्लंड, म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलं त्या टीममध्ये होते. म्हणजे आपल्याकडं एखाद्याचा बाप जुना मल्ल असतो आणि पोरगं चालायला लागायच्या आधी आखाड्यातली माती बघतं, तसं घर. फरक एवढाच की इथं पोरी होत्या आणि बापानं काठी पोरींच्या हातात दिली.

तिकडं क्लब म्हणजे आपली पेठ समजा. तुम्ही ज्या भागात राहता त्या भागाचा क्लब, आपल्या कोल्हापुरात फुटबॉलची पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम कशी असते आणि शाहू स्टेडियमला मॅच असली की अख्खी पेठ रस्त्यावर येते, तसंच. त्यातनं चांगल्या निघालेल्या पोरी जिल्ह्याच्या टीममध्ये जातात आणि सगळे जिल्हे ज्यासाठी भांडतात ते म्हणजे ऑल-आयर्लंड, त्याची फायनल डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियमवर.

अँजेला पहिली फायनल खेळली १९७२ ला, वय १५. तुमच्या मोठीच्याच वयाची की हो. कॉर्कनं हरवलं. दोन वर्षांनी १९७४ ला परत कॉर्कच समोर, मॅच बरोबरीत सुटली, परत खेळवली आणि त्या रिप्लेला किलकेनी जिंकली, जिल्ह्याचं पहिलंवहिलं ऑल-आयर्लंड. मग १९७६. मग १९७७, तेव्हा ती विशीत आणि कॅप्टन.

आता इथं थांबा वहिनी, कारण लोक तिची पदकं मोजतात आणि मी मात्र मधली रिकामी वर्षं मोजते. १९७७ नंतर पुढचं पदक १९८१ ला, आणि त्यानंतरचं १९८५ ला. म्हणजे ७८, ७९, ८० कोरी, ८२, ८३, ८४ कोरी. वय बघा, २१ ते २७. आपल्याकडं याच वयात पोरीला सांगतात की झालं आता, खेळलीस की, तीन पदकं आली, आता घराकडं बघ. ती त्या सहा वर्षांत संध्याकाळी ग्राउंडवर जातच राहिली, हरली तरी जात राहिली, आणि त्याचं फळ काय मिळालं तर १९८५ ते १९९१, सलग सात ऑल-आयर्लंड. सलग सात! पहिलं आलं तेव्हा ती २८ वर्षांची होती आणि सातवं आलं तेव्हा ३४ ची. म्हणजे तिच्या करिअरचा सगळ्यात भारी काळ अठ्ठावीशीनंतर सुरू झाला. एकविसाव्या वर्षी कुणी तिची काठी माळ्यावर टाकली असती तर तीन पदकांची एक चांगली खेळाडू होती एवढंच राहिलं असतं.

शेवटचं, बारावं पदक १९९४ ला, वय ३७, आणि त्या टीमची कॅप्टन होती अ‍ॅन. सदतिसाव्या वर्षीही दोघी एकाच टीममध्ये, एकीच्या हाकेवर दुसरी पळतेय. २००४ ला कमोगीला शंभर वर्षं झाली म्हणून शतकातल्या १५ सर्वोत्तम खेळाडूंची टीम निवडली, त्यात अँजेला फॉरवर्ड लाइनमध्ये आहे.

आणि १९९४ नंतर काय झालं माहितीय का, किलकेनीला पुढची २२ वर्षं ऑल-आयर्लंड मिळालंच नाही. मिळालं ते २०१६ ला, आणि तेव्हा मॅनेजर म्हणून लाइनवर उभी होती अ‍ॅन डाउनी. पुढच्या तीन वर्षी तिची टीम तीनही फायनल हरली, त्यातल्या दोन कॉर्ककडून एकेका पॉइंटनं. हे पण वाचून दाखवा घरात, हरलेलं पण.

माझं सांगते वहिनी. मी पण हॉकी खेळायचे, लेफ्ट विंगला. दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात माझी स्टिक घरातनं कुणाला तरी देऊन टाकली, मला विचारलं पण नाही. त्याला आता बरीच वर्षं झाली पण मेजर ध्यानचंद स्टेडियमवरनं जाताना टर्फवर बॉल आपटल्याचा आवाज आला की अजून मान वळते. तुमच्या मोठीला दहावीचा अभ्यास करू दे, परीक्षेच्या दोन महिन्यांत प्रॅक्टिस कमी करू दे, त्याला कुणाचीच ना नाही. पण स्टिक दाराच्या मागं तिला दिसेल अशी राहू द्या.

"कमोगीत जर पगारच मिळत नसेल तर त्याला स्पोर्टिंग करिअर कसं म्हणता? करिअर म्हणजे पोटापाण्याचं साधन. आपल्या स्वप्नील कुसाळेला रेल्वेत नोकरी होती म्हणून तो ऑलिम्पिकपर्यंत गेला." (निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी)

काका, बरोबर आहे तुमचं, स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत टीसी होता आणि २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं, नोकरीचा आधार नसता तर अवघड होतं. पण रेल्वे त्याला गेम सांभाळून नोकरी देते, खेळाडू म्हणून भरती करते. आयर्लंडमध्ये हर्लिंग असो नाहीतर कमोगी, क्रोक पार्कवर ८२ हजार लोक बसतील एवढी जागा आणि खेळणाऱ्याला पगार शून्य. पुरुषांना पण शून्य. तत्त्व म्हणून हौशी ठेवलाय तो खेळ.

मग त्या काय करतात तर दिवसभर आपापली कामं करतात. कॉर्कच्या जेमा ओकॉनरचं बघा. ती आर्मीत. सैन्यातली ड्युटी करून संध्याकाळी प्रॅक्टिस, आणि २००२ ते २०१८ या काळात ९ ऑल-आयर्लंड पदकं, वर ११ वेळा ऑल-स्टार, म्हणजे त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम पंधरात निवड. २०१७ च्या फायनलला किलकेनी पुढं होती, वेळ संपत आलेली, तेव्हा जेमानं लांबून मारलेल्या पॉइंटनं बरोबरी झाली आणि मग सबस्टिट्यूट आलेल्या ज्युलिया व्हाइटनं शेवटच्या क्षणी विजयी पॉइंट मारला, १०-९. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाच्या खात्यात एक युरो पण जास्त आला नाही. मी वर जी एका पॉइंटची हार सांगितली त्यातली एक हीच.

पण काका, फुकट खेळणं एक आणि खिशातनं घालून खेळणं वेगळं, आणि तिथं मात्र बायकांवर अन्याय झालाच. पुरुषांना प्रॅक्टिसला जायचा प्रवासखर्च, जेवण, फिजिओ मिळत होतं तेव्हा कमोगीच्या पोरी स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून जायच्या. सरकारी अनुदान दोघांना सारखं करायची घोषणा २०२१ ला झाली. आणि २०२३ ला कमोगी आणि महिला गेलिक फुटबॉलच्या (आयर्लंडचा स्वतःचा फुटबॉल) टीमांनी एकत्र येऊन निषेध केला की खर्च आणि वैद्यकीय सोयींचा किमान नियम तरी ठरवा. आपल्याकडच्या पोरी केएमटी बसचं तिकीट स्वतः काढून ग्राउंडवर येतात, त्यांना हे सांगायला नको.

तर करिअर का म्हणते मी? एखाद्या बाईनं वीस-बावीस वर्षं दर आठवड्याला तीन-चार संध्याकाळी एकाच कामाला दिल्या, त्यात ती देशातली पहिली झाली, तिच्यामुळं पुढच्या पोरी त्यात आल्या, त्याला दुसरं काय नाव देऊ? पगाराची स्लिप नाही म्हणून त्याला छंद म्हणायला माझं मन घेत नाही.

"सगळ्यात जास्त पदकं कुणाची? आमच्या ग्रुपवर पैज लागलीय." (शाहूपुरी)

फक्त कमोगीतली धरली तर डब्लिनच्या कॅथलीन मिल्सची, १५. १९४१ पासून खेळली, रेल्वेच्या क्लबकडून, आणि १९६१ ला अडतिशीच्या उंबरठ्यावर शेवटची फायनल जिंकून थांबली. तिच्या नावानं आज एक कप आहे. कमोगी आणि महिला गेलिक फुटबॉल दोन्ही धरलं तर कॉर्कच्या रीना बकली आणि ब्रीज कॉर्करी दोघी १८ वर आहेत, फुटबॉलची ११ आणि कमोगीची ७, आणि दोन्ही खेळांत कॅप्टन म्हणून ऑल-आयर्लंड जिंकणारी रीना पहिली, फुटबॉल २०१२, कमोगी २०१७. पैज कशी लावली होती त्यावर बघा कोण जिंकलं.

"मी नववीत आहे. आमच्या टीमला स्कर्ट कंपल्सरी आहे. पळताना आणि पडल्यावर लई ऑकवर्ड होतं, आणि त्या दिवसांत तर नकोच वाटतं. तक्रार केली तर म्हणतात सगळ्या देशांत मुली स्कर्टच घालतात. खरंय का?" (एक खेळाडू, गडहिंग्लज)

नाही गं, खरं नाही. आणि तू हे लिहिलंस ते फार चांगलं केलंस.

कमोगीचंच बघ. तिथं नियमच होता की स्कर्ट किंवा स्कॉर्ट घालायचा, स्कॉर्ट म्हणजे आतनं शॉर्ट आणि वरनं स्कर्टचा पडदा. प्रॅक्टिसला सगळ्या शॉर्ट घालायच्या आणि मॅचला बदलायच्या, कारण नियम. अँजेला डाउनीचा एक किस्सा तिकडं सगळ्यांना पाठ आहे, १९८९ ची फायनल, ती बॉल घेऊन गोलकडं सुसाट चालली होती आणि तिला थांबवायला कॉर्कच्या खेळाडूनं स्कर्टला हात घातला, स्कर्ट निघून त्या खेळाडूच्या हातात राहिला, आणि अँजेला थांबली नाही, तशीच पुढं गेली आणि गोल मारला. लोक हसत हसत सांगतात तो किस्सा. मला मात्र तो वाचताना दर वेळी वाटतं की हजारो लोकांसमोर एका बाईला ही वेळ यावीच का, आणि आली तरी तिनं पाय थांबवले नाहीत म्हणजे बॉलवर तिचं ध्यान किती असेल.

त्यानंतर ३६ वर्षं तो नियम तसाच होता. २०२४ ला बदलायचा ठराव आला तो पण फेटाळला. मग ३ मे २०२५ ला डब्लिन आणि किलकेनीची मॅच होती, दोन्ही टीमा, एकमेकींच्या विरुद्ध खेळणाऱ्या, ठरवून शॉर्ट घालून मैदानात आल्या. रेफरीनं सांगितलं बदला, नाहीतर मॅच रद्द. त्या बदलून आल्या, खेळल्या, पण फोटो देशभर गेला. खेळाडूंच्या संघटनेनं आधीच पाहणी केली होती, त्यात ८३ टक्के खेळाडू म्हणाल्या होत्या की आम्हाला निवड पाहिजे, आणि कारणं तू लिहिलीस तीच, अवघडलेपण, पाळी, फोटो कसे काढले जातील याची भीती. २२ मे ला खास सभा बोलावली आणि ९८ टक्के मतांनी ठराव पास झाला, ज्याला जे पाहिजे ते घाला. तीन आठवड्यांत! ज्यांना स्कर्ट आवडतो त्या अजून घालतात, त्यांना पण कुणी अडवत नाही. त्याच वर्षी ऑगस्टला फायनल झाली, गॉलवेनं कॉर्कला एका पॉइंटनं हरवलं, आणि त्या दिवशी चर्चा फक्त मॅचची होती.

तू असं कर. एकटीनं बोलू नको, टीममधल्या सगळ्या मिळून एक अर्ज लिहा, सह्या करा, कारण साध्या शब्दांत लिहा, आयांना पण सह्या करायला सांगा. त्या दोन टीमा विरोधात असून एकत्र आल्या म्हणून ते झालं, तुम्ही तर एकाच टीमच्या आहात. काय होतंय ते मला कळव, पुढच्या अंकात जागा ठेवते.

"नात विटीदांडू चांगली खेळते, तिला तुमचं वाचून दाखवलं तर म्हणते आजोबा मला ती वाकडी काठी पाहिजे. ती कुठल्या लाकडाची असते आणि आपल्या सुताराकडनं करून घेता येईल का?" (शेतकरी, कागल तालुका)

आजोबा, ती अ‍ॅश नावाच्या झाडाची करतात, आणि तुम्ही शेतकरी म्हणून तुम्हाला लगेच कळेल, लाकूड घेतात ते बुंध्याच्या अगदी खालचं, मुळाकडं वळतं तिथलं. तिथं लाकडाची रेषाच वाकलेली असते म्हणून काठीचा वाक मजबूत राहतो. सरळ फळी वाकडी कापली तर पहिल्या टकरीला रेषेवर चिरते. जुना नांगर करताना सुतार वाकलेली बाभूळ शोधत हिंडायचे, ते याच कारणासाठी. अलीकडं तिकडं अ‍ॅशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, झाडं वाळतायत, म्हणून आता बांबूच्या आणि प्लास्टिकसारख्या मटेरियलच्या पण काठ्या निघाल्यात.

बाभूळ नातीला जड होईल. आपल्याकडं हॉकी स्टिक तुतीच्या लाकडाच्या करायचे, तुती हलकी आणि लवचिक, बांधावर असली तर सुताराला तीच दाखवा. उंची मापायची तर नातीला सरळ उभं करा, जमिनीपासून कमरेच्या हाडापर्यंत. खालचं टोक तळव्याएवढं रुंद आणि चपटं, कडा घासून गोल केलेल्या. बॉल सुरुवातीला टेनिसचाच द्या, आणि दुसऱ्या पोरांबरोबर खेळणार असेल तर हेल्मेटशिवाय नको, तिकडं पण हेल्मेटशिवाय खेळू देत नाहीत. नात उजव्या हाताची असेल तर धरताना उजवा हात वर, डावा खाली.